लहानपणीचं परदेशातलं घर : सेमिस्टर सुरू होण्याआधी बघून यावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल.

२००७ मध्ये, मी चार वर्षांची असताना, आम्ही पुण्याहून जर्मनीतल्या ग्योटिंगनला गेलो. बाबा तिथल्या माक्स प्लांक संस्थेत संशोधन करत होते. २०१३ च्या उन्हाळ्यात माझी चौथी झाली आणि आम्ही परत आलो. आता मी गणितात एम.एस्सी. करतेय आणि विद्यापीठांच्या देवाणघेवाण योजनेतून एका सेमिस्टरसाठी नेमकी त्याच गावी निघालेय. हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, व्याख्यानं महिन्याच्या मध्यावर. सप्टेंबरच्या शेवटी पोचले तर हातात थोडे मोकळे दिवस राहतात.

आमचं घर निकोलाउसबेर्गला होतं. गावाच्या ईशान्येला टेकडीवरची वस्ती, बाबांच्या संस्थेपासून चालत जाण्याजोगी. इमारत तीन मजली, आम्ही वरच्या मजल्यावर. घराच्या आतलं मला फारसं आठवत नाही, पण जिना लख्ख आठवतो. जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागायचा आणि ठरावीक वेळाने आपोआप विझायचा. तो विझायच्या आत वर पोचायचं म्हणून मी धावत सुटायचे. मध्येच विझला तर काळोखात पुढच्या बटणाचा नारिंगी ठिपका तेवढा दिसायचा. ते अंतर मला अजून पायांत आठवतं.

मला वाटतं, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच तिकडे जाऊन यावं. एकदा वर्ग, असाइनमेंट, नवे मित्र सुरू झाले की ते गाव वेगळंच होऊन बसेल, आणि जुनं बघायची नजर मग राहणार नाही. पण बेल वाजवावी की बाहेरूनच बघावं, हे ठरत नाहीये. जर्मनही पार गंजलंय.

आणि एक गोष्ट मनात अडकून बसली आहे. बाबा उत्साहाने रोज नकाशे पाठवताहेत. आई मात्र एवढंच म्हणाली, "तू जरूर जा. मला फोटो पाठवू नकोस." पुढे काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

ज्यांनी असं काही केलंय त्यांचे अनुभव ऐकायला आवडतील.

मुशाफिर

आधीच जा, अजिबात दुसरा विचार करू नकोस. ऑक्टोबरमध्ये तुला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी, त्यासाठी घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं पत्र, मग बँक, विमा, विद्यापीठाचं ओळखपत्र. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाचच्या सुमाराला अंधार पडायला लागतो. टेकडीवरची वस्ती बघायची तर सप्टेंबरचं ऊन हवं.

काही व्यवहारी गोष्टी. विद्यार्थी म्हणून मिळणारा आरोग्य विमा साधारणपणे सेमिस्टरपासून सुरू होतो, तेव्हा आधीच्या दिवसांसाठी प्रवास विमा वेगळा काढ. प्रवासाला डॉइचलांड तिकीट (स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांचा देशभर चालणारा मासिक पास) घेणार असशील तर ते मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं होतं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. आयसीईला, म्हणजे लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना, ते चालत नाही. फ्रँकफर्टहून आयसीईने तू दोन तासांच्या आत पोचशील, साध्या गाड्यांनी अर्धा दिवस मोडेल.

आणखी एक, हे फार कुणाला माहीत नसतं. २००७ च्या उन्हाळ्यापासून जर्मनीत नोंदणी झालेल्या प्रत्येकाला अकरा आकडी कर-ओळख क्रमांक दिला गेला, तान्ह्या बाळांनासुद्धा. तो आयुष्यभर तोच राहतो. म्हणजे तुझाही असणार. बाबांच्या जुन्या फायलीत शोध. पुढे विद्यार्थी म्हणून काही काम करायचं झालं तर लागेल.

चांदणवेल

मी उलट बाजूने लिहिते. रागावू नकोस.

माझं बालपण जपानमध्ये योकोहामाला गेलं. पदव्युत्तर शिक्षणासाठी टोकियोला गेले तेव्हा वर्ग सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात सामान खोलीत टाकून थेट तिकडे गेले. घर नव्हतं. जागेवर मोटारी लावायचं आवार होतं, पांढऱ्या पट्ट्या आखलेलं. जपानमध्ये लाकडी घराचं करापुरतं आयुष्य २२ वर्षं धरतात. जमिनीला किंमत राहते, घराला राहत नाही, म्हणून पाडून नवं बांधणं तिथे नेहमीचं आहे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी परक्या शहरात एकटी होते, कुणाचा फोन नंबर नव्हता, आणि पुढचं सगळं सेमिस्टर त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या सावटाखाली गेलं.

म्हणून सांगते, आधी दोन माणसं जोड. परत आल्यावर ज्यांच्यासोबत जेवता येईल अशी. मग जा. घर कुठे पळून जात नाही, आणि गेलं असेल तर ते आजच गेलेलं आहे, महिनाभर उशिरा कळल्याने काही बिघडत नाही.

रानजाई

चांदणवेल, वाचून गलबलले. रागावण्याचा प्रश्नच नाही. आमची इमारत पाडली असेल ही शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती.

गवाक्ष

इमारत शाबूत आहे का एवढं घरबसल्या बघता येईल. गुगल स्ट्रीट व्ह्यू जर्मनीत २०१० मध्ये आलं ते फक्त २० मोठ्या शहरांपुरतं. तेव्हा २,४४,००० च्या आसपास कुटुंबांनी आपली घरं धूसर करायला लावली आणि पुढे कंपनीने नवी चित्रं घेणंच थांबवलं. ग्योटिंगन त्या २० मध्ये नव्हतं. २०२३ पासून नवी चित्रं यायला लागली आहेत. तुमचा रस्ता दिसत असेल तर इमारत उभी आहे एवढं बघ आणि बंद कर. खिडक्यांवर झूम करत बसू नकोस, प्रत्यक्ष बघायला काहीतरी राहू दे.

बेल वाजवण्याबद्दल. न कळवता वाजवू नकोस. तिथे अनोळखी माणूस दारात उभं राहिलं की लोक अवघडतात, आणि दार कुणीतरी उघडं सोडलंय म्हणून जिन्यात शिरणं तर नकोच. रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढायला हरकत नसते. मात्र बेलपाट्यांवरची आडनावं आणि माणसांचे चेहरे कुठेही टाकू नकोस.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे साधं टपालाचं पत्र. ईमेल नाही, पत्र. पण यात एक मेख आहे. जर्मनीत फ्लॅट नंबर लिहायची पद्धत नाही, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. "वरचा मजला, डावीकडे" लिहून पाठवलंस तर ते पोचेलच असं नाही. तेव्हा आत्ता तिथे कोण राहतं हे माहीत नसेल तर तुमच्या वेळच्या एखाद्या शेजाऱ्याला लिही. भाड्याच्या घरात तिथे लोक वीस-तीस वर्षं राहतात. कुणाचं आडनाव आठवतंय का?

रानजाई

आठवतंय! तळमजल्यावर एक आजी राहायच्या, तेव्हाच साठी उलटलेल्या असतील. त्यांचं आडनाव बेलच्या पाटीवर सगळ्यात खाली होतं आणि माझा हात पोचायचा ते तेवढं एकच बटण. त्यांना लिहिते.

आजोळ

रानजाई, बाकीचे घराबद्दल लिहिताहेत. मला तुझ्या आईबद्दल लिहायचंय. तुझी आई काय शिकली आहे? तिकडे असताना नोकरी करत होती का?

रानजाई

ताई, आई दंतवैद्य आहे. जर्मनीत असताना नोकरी नव्हती. पुण्यात परतल्यावर तिने स्वतःचा दवाखाना सुरू केला, तो आजही जोरात चालू आहे.

आजोळ

वाटलंच होतं. मीही दंतवैद्य. २००३ ते २०१० जर्मनीतच आखेनला होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे.

हे तुला माहीत असायला हवं म्हणून सविस्तर लिहिते. परदेशी पदव्यांच्या मान्यतेचा नवा कायदा जर्मनीत १ एप्रिल २०१२ ला लागू झाला. त्याआधी आपल्यासारख्या देशांतून आलेल्या डॉक्टर-दंतवैद्यांना पूर्ण परवान्यासाठी नागरिकत्वाची अट आडवी यायची. मिळालाच तर तात्पुरता, बंधनांचा परवाना मिळायचा, तोही मिळवताना दमछाक व्हायची. तू लिहिलंयस की तुम्ही २००७ मध्ये गेलात. म्हणजे तुझ्या आईची पहिली पाच वर्षं त्या दाराबाहेर गेली, आणि दार उघडलं तेव्हा तुमचं परतायचं ठरत आलं असणार.

तू जिन्यातून धावत वर यायचीस, ती त्या जिन्याच्या वरच्या टोकाला बसलेली असायची. नवरा प्रयोगशाळेत, मूल शाळेत, आणि हातात जे कौशल्य आहे ते वापरायला कायद्याने मनाई. मी आखेनमध्ये सकाळी सगळं आवरून झालं की साडेनऊला खिडकीशी उभी राहायची. पुढे काय करायचं ते ठरवायला संध्याकाळपर्यंतचा वेळ असायचा. मुलांना हे दिसत नाही, आणि आपण दाखवतही नाही. माझा मुलगा आखेनचं नाव काढलं की फुलतो. त्याच्यासाठी ते बालपण आहे, आणि मी त्याच्या आनंदावर कधी पाणी पडू दिलेलं नाही. पण मला तिथले फोटो बघवत नाहीत.

तेव्हा आईला "का गं?" असं विचारू नकोस. तिने तुला थांबवलं नाही, जा म्हणाली, हे खूप आहे. विचारायचंच असेल तर एवढं विचार, की त्या गावातलं कुणी माणूस तिला आठवतं का, कुणाची खुशाली कळवू का. घराचं नाव काढू नकोस.

आणि जाण्याआधी जर्मनमध्ये अहो-जाहोचा सराव कर. मुलं सगळ्यांना अरे-तुरे करतात, तुझ्या कानात तेवढंच बसलेलं असणार. ज्या आजींशी तू तेव्हा तशी बोलायचीस त्यांना आता बघू दे की तू मोठी झालीस. त्यांनी स्वतःहून म्हटलं तर पुन्हा अरे-तुरेवर ये.

मुशाफिर

आजोळताई, प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

अक्षांश

भाषेची काळजी करू नकोस. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी चिनी भाषेच्या वातावरणात जन्मलेल्या, पण लहानपणीच दत्तक जाऊन फक्त फ्रेंचमध्ये वाढलेल्या मुलींना चिनीतले शब्दांचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार ऐकवले. त्यांना चिनीतलं काहीच कळत नव्हतं, तरी मेंदूतला प्रतिसाद चिनी बोलणाऱ्यांसारखाच निघाला. तू तर दहाव्या वर्षापर्यंत तिथल्या शाळेत होतीस, लिहा-वाचायला तिथे शिकलीस. उच्चार आधी परत येतील, शब्द मागून. रोज अर्धा तास जर्मन रेडिओ नुसता ऐक, समजो न समजो.

डेक्कनवासी

गणिताची विद्यार्थिनी आणि ग्योटिंगन, म्हणजे योग जुळून आला. गाउस, रीमान, हिल्बर्ट, एमी नोएथर, सगळे तिथलेच. स्टाटफ्रीडहोफ या दफनभूमीत हिल्बर्टची समाधी आहे. "आपल्याला कळलंच पाहिजे, आपल्याला कळेलच" हे त्याचे शब्द दगडावर कोरलेले आहेत. माक्स प्लांक आणि ओटो हान यांच्याही समाध्या तिथेच.

पुणेकरांसाठी एक जोड. महाभाष्याची आवृत्ती संपादित करणारे फ्रान्त्स कीलहॉर्न १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक होते, आणि तिथून ग्योटिंगनला गेले ते १९०८ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली तीही याच विद्यापीठाने. विषयांतराबद्दल क्षमस्व, पण राहवलं नाही.

चांदणवेल

आजोळताईंचं वाचून माझं मत थोडं बदललं. इमारत उभी आहे हे आधी कळलं आणि तळमजल्यावरून उत्तर आलं, तर आधीच जा. एक माणूस आधीच जोडलेलं असेल ना.

रानजाई

मंडळी, ग्योटिंगनहून लिहितेय. सेमिस्टर सुरू व्हायला अवकाश आहे. सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत की वृत्तांत देणं माझं कामच आहे.

आजींचं उत्तर ऑगस्टमध्येच आलं होतं, निळ्या शाईत, तिरक्या जुन्या वळणाचं. ते वळण मला लागेना, शेवटी बाबांनी वाचून दाखवलं. मी पाठवलेल्या फोटोतला माझा लाल रेनकोट त्यांनी ओळखला होता. वार आणि वेळ कळवून त्यांनी खाली एक ओळ लिहिली होती : "तुझी आई कशी आहे, हे आधी सांग."

निघायच्या आदल्या रात्री मी आईला ताईंनी सांगितलं तसंच विचारलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "तळमजल्यावरच्या आजी असतील तर त्यांना नमस्कार सांग." मग बऱ्याच वेळाने, "गुरुवार मोडला म्हणून माफी माग माझ्या वतीने." मला काही कळलं नाही.

स्टेशनवरून बस टेकडी चढू लागली तेव्हा कुठलं वळण कधी येणार हे मला आधीच कळत होतं, नावं मात्र एकही आठवत नव्हती. बाबांची संस्था मध्ये लागली. पाटी आता नवी आहे, २०२२ मध्ये दोन संस्था एकत्र झाल्या तेव्हा नाव बदललं. आम्ही परतलो त्याच्या पुढच्याच वर्षी तिथल्या श्टेफान हेल यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. ती बातमी वाचताना बाबांचा झालेला चेहरा मला आठवला.

आजी दारातच उभ्या होत्या. मी पाठ करून ठेवलेलं अहो-जाहोचं वाक्य म्हटलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "छान. आता पूर्वीसारखी बोल." अक्षांश, तुमचं म्हणणं अगदी खरं निघालं. उच्चार ऐकून त्या म्हणाल्या, तू इथलीच वाटतेस. शब्द मात्र दहा वर्षांच्या मुलीचे. प्राणी, हवामान, खेळ, शाळा सगळं येतं. भाडेकरार, विमा, निवृत्तिवेतन यातलं काहीही येत नाही.

गुरुवारचं कोडं तिथे सुटलं. मी शाळेत असताना आई दर गुरुवारी सकाळी खाली त्यांच्याकडे जायची. सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं टेबलावर पसरून आजी तिला जर्मन शिकवायच्या. त्यांची कवळी एका बाजूने टोचायची, डॉक्टर म्हणायचे सवय होईल. आईने स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ती हातात घेऊन पाहिली, कुठली कड जास्त उंच आहे ते दाखवलं आणि डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं, चुकांनी भरलेल्या जर्मनमध्ये. कड घासून मिळाली आणि त्रास गेला. आजी म्हणाल्या, त्या दिवशी मला कळलं की ही बाई कोण आहे, आणि आमचे लोक तिला काम करू देत नाहीत. आमची निघायची तारीख बुधवारी होती. शेवटचा गुरुवार राहून गेला.

यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी सहा वर्षं त्या घरात राहिले आणि आई दिवसभर काय करते हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

मग आजी मला वर घेऊन गेल्या. आमच्या घरात आता चार विद्यार्थी मिळून राहतात, त्यांतली एक भौतिकशास्त्राची, माझ्याच विद्यापीठातली. माझ्या खोलीत भिंतीवर सायकल टांगलेली आहे. ते सगळे माझ्याच वयाचे आहेत हे जाणवलं आणि एकदम मोकळं वाटलं. कुणीतरी पास्ता उकळत होतं, मलाही ताटली दिली, आणि आम्ही भाड्याबद्दल बोलत बसलो. चांदणवेल, सेमिस्टरआधी दोन माणसं जोड म्हणाली होतीस, ती मला तिथेच मिळाली.

संध्याकाळी आईला फोन केला आणि गुरुवारचा निरोप पोचवल्याचं सांगितलं. ती आधी गप्प होती. मग म्हणाली, "कवळी बसली का नीट?" मी फोन आजींच्या हातात दिला. दोघी तासाभराच्या वर बोलल्या. आईचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. फोन ठेवताना तिने मला सांगितलं, घराचा नको, पण आजींचा एक फोटो पाठव. आजींना विचारून पाठवला.

आजोळ

कामावर बसून वाचलं आणि रडले. आईला माझा नमस्कार सांग. तिची हरकत नसेल तर तिच्याशी बोलायला मला फार आवडेल, व्यक्तिगत निरोपात नंबर कळव.

मुशाफिर

सुंदर वृत्तांत. कर क्रमांक सापडला का?

रानजाई

सापडला, बाबांच्या २००८ च्या फायलीत, माझ्या नावाचं वेगळं पत्र होतं. इथे नोंदणी केंद्रातल्या बाईंनाही विचारलं, क्रमांक तोच राहील म्हणाल्या. त्यांनी आमचा जुना पत्ताही त्यांच्या नोंदीत काढून दाखवला. आणि ताई, आईने होकार दिलाय, नंबर पाठवते.

हेमाडपंत

धागा आजच बघितला. माझी मुलगी पुढच्या एप्रिलमध्ये उन्हाळी सेमिस्टरला ड्रेस्डेनला जातेय, बालवाडी तिथेच झाली होती. तिलाही असं पत्र लिहायचंय. नेमकं काय लिहिलंत ते थोडक्यात सांगाल का?

रानजाई

काका, पानभरच होतं, हाताने लिहिलेलं. पहिल्या ओळीत आम्ही कोण, कुठल्या मजल्यावर, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत. मग त्यांना ओळख पटेल अशी एक खूण, माझ्या बाबतीत तो बेलच्या पाटीसमोरचा जुना फोटो. तेव्हाचा मोठ्यांचा फोटो मिळाला तर तोही घाला, मुलांचे चेहरे बदलतात. घरात येऊ द्या असं लिहू नका. मी इतक्या तारखेच्या सुमाराला गावात आहे, आपल्याला सोयीचं असेल तर भेटायला आवडेल, एवढंच. उत्तरासाठी टपालाचा पत्ता आणि ईमेल दोन्ही द्या. पाकिटावर त्यांचं आडनाव अगदी पाटीवर असेल तसंच हवं. एप्रिलसाठी म्हणाल तर जानेवारीतच टाका, भारतातून पत्र पोचून उत्तर यायला वेळ लागतो. आणि आडनाव आठवत नसेल तर तिच्या आईला विचारा.